आयुधपूजेला धुतलेला दगड

साहेब, ते मासे तुम्ही मारलेत. बाईंनी नाही, तुम्ही.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. शाळा चालवणाऱ्या साहेबांच्या खोलीचं दार आपटू नये म्हणून सध्या मला दाराशी टेकवलंय. इथून सगळं दिसतं.

दक्षिणेतल्या आवडी गावातल्या तुमच्या शाळेची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कृष्णवेणीबाईंनी मला घडवलं. समुद्रातलं प्रवाळ उचलायला बंदी, म्हणून त्यांनी सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवला. आपल्या क्वार्टर्सच्या मागे बादलीत मला सहा आठवडे भिजवलं आणि मग खाऱ्या पाण्याच्या लहानशा टाकीत सोडलं.

वर्षभर मी नुसता दगड होतो. मग अंगावर जांभळा थर चढला, भोकांत किडे राहायला आले. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवही माझ्यात वस्तीला आले. माशांच्या घाणीचं विष तेच पचवायचे. नऊ वर्षं त्या दोन नारिंगी पट्टेरी माशांचा श्वास माझ्या जिवावर चालला. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून कौतुक करायचात ते माशांचं. मला म्हणायचात, "शी, किती घाण!" राग नाही. तुम्ही लहान आहात. साहेब लहान नाहीत.

यंदा सहा फुटांची नवी टाकी आली. बाईंनी साहेबांना कागदावर लिहून दिलं: जुनं पाणी फेकू नका, दगड त्याच पाण्यात बुडवून न्या, धुवू नका, मासे सगळ्यात शेवटी. पण आली आयुधपूजा. त्या दिवशी आपल्याकडे शिलाई मशीनपासून शाळेच्या बसपर्यंत सगळं धुऊन चंदन-कुंकू लावतात. साहेबांना टाकीही पुजायची होती, पाहुण्यांसमोर.

"सार, दोन मास थांबा," बाई म्हणाल्या. "तो मळ नोहे. जीव आहे तो."

"नोहे!" साहेब हसले. ते पुण्याचे. "बाई, तुमची तंजावरी मराठी ऐकली की वाटतं किल्ल्यावरून आत्ता तोफ उडेल. पूजा उद्या आहे. शेवाळलेल्या धोंड्याला चंदन लावू? वेंकट, घास रे ते."

"अम्मा नको म्हणतात, सार," बाईंकडे बघत शिपाई वेंकट पुटपुटला.

"शाळा अम्मा चालवतात का?"

वेंकटने मला ब्लीचिंग पावडरने घासलं आणि उन्हात वाळवलं. जुनं पाणी मोरीत गेलं. माझ्यातली सगळी वस्ती संपली. दुसऱ्या दिवशी नव्या टाकीत मी पांढराशुभ्र दिसत होतो, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी दोन्ही मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत मेले. बाई बादली घेऊन धावल्या होत्या. त्यांना ते जुनं पाणी हवं होतं, ते कुठून आणणार?

मित्रांनो, कशालाही हात लावण्याआधी ते रोज सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. एवढं केलंत तरी पुरे.

आता साहेबांच्या टेबलावर एक कागद आहे. "कृष्णवेणी यांच्या निष्काळजीपणामुळे" असं त्यात लिहिलंय. सही बाकी आहे. ती झाली की प्रयोगशाळेची किल्ली बाईंच्या हातून जाईल. आणि बाईंनी लिहून दिलेला कागद? तो काल डाव्या खणात, खाली, कोंबताना मी पाहिलाय.

साहेब, पेन ठेवा. खण उघडा. "धुवू नका" असं लिहून दिलेलं असताना मला धुवायला कुणी लावलं? पोरं दाराशी उभी आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघून नाव सांगा.