भागोजींची हातफेरी

भागोजींचा तळहात टेबलावरच्या रेक्झिनवरून चढण चढत होता. बोटं पुढे, मनगट किंचित उचललेलं. ऋत्विकने मोबाईलवर लावलेलं घड्याळ अकरा मिनिटांवर गेलं होतं आणि हात अजून पहिल्या माथ्यावरही पोहोचला नव्हता.

"काका, खरी गाडी दीड मिनिटात परत येते," ऋत्विक म्हणाला.

"येते ना," भागोजी म्हणाले. "येऊ दे."

महाडात रोलर कोस्टरचं वेड असलेली माणसं चारच, आणि ती चारही एसटी स्टँडसमोरच्या सेजलच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत मावत. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमायचं, कोण कुठल्या पार्कला जाऊन आलं ते सांगायचं, नवीन काय उभं राहतंय त्यावर तावातावाने भांडायचं. ऋत्विक एमआयडीसीत केमिस्ट, एकटा जीव. सुट्टी मिळाली की हैदराबाद नाहीतर कोची. सेजलचं दुकान. प्रियदर्शिनी पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलावर. भागोजी सगळ्यात शेवटी आले, दोन वर्षांपूर्वी. कुडपणचे शेतकरी, सत्तावन्न वर्षांचे. आधारची झेरॉक्स काढायला आले होते. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, "ह्यो सुरतेचा. मागचं वळण आता बदललंय." सेजलने त्यांना तिथेच खुर्ची दिली.

मंडळाचा एकच नियम होता आणि तो प्रियदर्शिनीने घातला होता. तिकीट कोणाचंही असू शकतं, फोटो कोणीही पाठवू शकतं. म्हणून जो रोलर कोस्टर आपल्या खात्यावर धरायचा, त्याची हातफेरी सगळ्यांसमोर द्यायची. तळहात म्हणजे गाडी. फलाटापासून निघायचं, प्रत्येक चढ, वळण, उलटी दाखवत परत फलाटावर यायचं. फेरी पुरी झाली की ती वहीत लिहायची.

"चौदाव्या खांबापाशी पारव्याचं घर हाय," भागोजी हात तिरका करत म्हणाले. "वळणाच्या खालच्या अंगाला."

"गाडी ताशी ऐंशीने जाते तिथे," प्रियदर्शिनी म्हणाली. "त्यात तुम्हाला पारवा दिसला?"

"बघितलं तर दिसतो."

तिने काही लिहिलं नाही. अकरा वर्षं ती घरकुलाचे अर्ज तपासत होती. दुमजली घराचा मालक आपण झोपडीत राहतो असं सांगताना किती साधा चेहरा करू शकतो ते तिला ठाऊक होतं. ऑफिसात तिला माघारी 'भिंग' म्हणत. तिला ते कळलं होतं आणि वाईट वाटलं नव्हतं.

भागोजींचं तिला सुरुवातीपासूनच खटकत होतं. त्यांना सगळं ठाऊक असायचं. खांब, जोड, साखळीचा आवाज, कुठल्या माथ्यावर वारा डावीकडून लागतो ते. पण पोटात गोळा आला, डोळे मिटले, ओरडलो असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नव्हतं. सेजल तर जाऊन आली की आठवडाभर त्याशिवाय दुसरं काही बोलायची नाही. भागोजी बोलायचे ते व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलेल्या माणसासारखं.

तेहतिसाव्या मिनिटाला तळहात फलाटावर आला. सेजलने टाळ्या वाजवल्या. वहीत भागोजींचे एकोणीस झाले. प्रियदर्शिनीचे अठरा होते.

एरवी तिने सोडून दिलं असतं. पण आठ दिवसांपूर्वी घाटापलीकडच्या नव्या पार्कने मंडळाला मेल पाठवला होता. त्यांचा निळा रोलर कोस्टर महिनाअखेर सगळ्यांना खुला होणार. त्याआधी येत्या शनिवारी पहिल्या गाडीत मंडळातल्या दोघांना जागा. सर्वाधिक फेऱ्या असलेले दोघं, नावं मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ऋत्विक चोवीस, त्याचा प्रश्नच नव्हता. सकाळपर्यंत ती आणि भागोजी दोघंही अठरावर, आणि जुनी सभासद म्हणून दुसरी जागा तिची होती. आदल्या दिवशीच निघायचं म्हणून तिने शुक्रवारची रजाही टाकली होती.

"तीन वेळा उलटी आणि पहिला उतार जवळजवळ सरळ खाली," ऋत्विक सांगत होता. "मी पुढची सीट घेणार."

"मागची घे," सेजल म्हणाली. "पुढच्याला उतार नुसता दिसतो, मागच्याला तो बसतो."

दोघांची त्यावरून जुंपली. भागोजी पाणी प्यायला बाहेर गेले. त्यांची प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी वही टेबलावरच राहिली होती. प्रियदर्शिनीने ती उघडली. दुसऱ्याची वही उघडताना तिला संकोच वाटला नाही, कारण ती तपासणी होती.

एका खाली एक गावांची नावं, पुढे तारीख, पुढे बरोबरची खूण. मोजले तर वीस. विसावं नाव होतं, 'घाटापलीकडलं, निळं'. तारीख गेल्या मे महिन्यातली. पुढे बरोबरची खूण.

अजून सुरूच न झालेला रोलर कोस्टर! तिला इतका आनंद झाला की तिचा तिलाच तो जरा विचित्र वाटला. तिने मोबाईलवर पानाचा फोटो काढला आणि वही होती तशी पिशवीत घातली. भागोजी तोंड पुसत आत आले तेव्हा ती ऋत्विकला पुढच्या सीटचे तोटे सांगत होती.

सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या तिने पार्कला मेल टाकला. ऋत्विकचं नाव, खाली स्वतःचं. शेवटी एक ओळ: 'श्री. भागोजी यांची फेऱ्यांची संख्या तपासणीत टिकली नाही.' वाक्य तिला चोख वाटलं.

मग दुपारभर तिचं कामात लक्ष लागेना. टेबलावर एक अर्ज होता, वरंधच्या ठकूबाई नावाच्या एका म्हातारीचा. कागद कमी होते. नाकारायचा तर आधी स्थळपाहणी. घर बघितल्याशिवाय, माणसाला समोर विचारल्याशिवाय तिने आजवर एकाही अर्जावर 'अपात्र' लिहिलं नव्हतं. ठकूबाईंना जे मिळणार होतं ते भागोजींना मिळालं नव्हतं. तिने मंगळवारची अर्ध्या दिवसाची रजा लिहिली.

मंगळवारी दुपारी स्कूटी पोलादपूर सोडून कुडपणच्या चढाला लागली. रस्त्याला दर वळणावर खाली दरी. नाचणी काढून झालेल्या उतरत्या शेतांत गुरं सोडलेली होती. माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं. मग आपलं मन शांत होईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. भागोजींच्या बायकोने, तुळजाबाईंनी, तिला ओसरीवर घोंगडी टाकून दिली.

"तुमीच त्या महाडच्या म्याडम? ते येतीलच, पान्यावर गेलेत." त्या हसल्या. "दोन दिस झाले नवे बूट घालून अंगनात फिरतात. चप्पल चालत नाय म्हने तिथं. पायाला फोड आलेत, पन काढत नायत."

दाराशी पांढरे कॅनव्हासचे बूट ठेवले होते. नाड्या अजून कडक होत्या. प्रियदर्शिनीने नजर वळवली. खुंटीला कोयत्याशेजारी एक जाड पट्टा टांगला होता, कमरेला आणि खांद्याला बांधायचा, लोखंडी आकड्यांचा. त्यावर रंगाचे शिंतोडे होते. लाल, पिवळे, आणि सगळ्यांवर ताजे निळे. त्याच्या वर हार घातलेला एका तरुणाचा फोटो.

"हे कोण?"

"धाकले दीर माजे, राजेश. ह्यांच्याच संगं कामाला असायचे. वरनं पडले. अकरा वर्सं झाली आता."

कसलं काम, कुठून वरनं, हे विचारायच्या आत भागोजी हंडा घेऊन आले. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग तिच्या हातातला मोबाईल बघून ते जरा थांबले. प्रियदर्शिनीने वहीच्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"हे अजून सुरूच झालेलं नाही काका. तुम्ही यात बसलात कधी?"

भागोजींनी हंडा खाली ठेवला, चुंबळ काढून झटकली.

"बसलो नाय."

"मग बाकीच्यांत?"

"कंच्यातच बसलो नाय."

एवढ्या लवकर कबुली मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने मोबाईल खाली घेतला.

"चालत गेलोय," भागोजी म्हणाले. "रंगाला. बावीस वर्सं. आमच्या हिकडची मानसं डोंगरातली, वर गेलं तरी चक्कर येत नाय, म्हनून कंत्राटदार आमालाच न्यायचा. आधी गंज खरवडायचा, मग रंग. फलाटावरनं सुरू करायचं आनि पट्टा अडकवत अडकवत परत फलाटावर यायचं. मोठा असला तर महिना जातो. गाडी सुटायच्या आधी आमाला खाली उतरवायचे, मग दुसऱ्या गावाला."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"पयल्या दिवशी तुमी इचारलंत, किती पुरे केले. मी मोजले. दुसऱ्या रविवारी कळलं, तुमी बसून मोजता." त्यांनी मान खाली घातली. "तवाच सांगायचं होतं. पन त्या गोष्टी ऐकायला हितं कोन हाय? रंगाचं काम म्हनलं की लोक रोज किती ते इचारतात. तुमी इचारलंत, वळन कसं हाय. लोभ झाला बगा. माजं चुकलं. नाव काटा."

"काटलंय," ती म्हणाली. "कालच. तुम्हाला न विचारता."

ते बोलताना तिला लाज वाटली, अगदी सरळ, कानापर्यंत गरम होणारी लाज. भागोजींनी मात्र मान डोलावली.

"बरोबर केलंत."

तुळजाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता. भागोजी ओसरीच्या कडेला टेकले. बूट त्यांच्या पायाशी होते. त्यांनी ते उचलून जरा बाजूला सरकवले.

"एक इचारू गो बाय?" नेहमीचं 'म्याडम' या वेळी त्यांच्या तोंडी नव्हतं. "नाव गेलं तर गेलं. पन तुमी अठरा येळा बसलाय. गाडी वरनं खाली सुटते, तवा पोटात गोळा येतो म्हनतात. तो कसा असतो?"

प्रियदर्शिनीने ओसरीच्या पायरीकडे बघितलं. दर महिन्याला दोन तास ती याच गोष्टीवर बोलत होती.

"जिना उतरताना," ती शेवटी म्हणाली, "अंधारात एक पायरी चुकते ना, तसं. पाय खाली जातो आणि तिथे काहीच नसतं. तेवढंच. पण लांबलेलं."

"पायरी चुकल्यासारखं," भागोजी म्हणाले. "बावीस वर्सं तेवढं होऊ नये, हेच बगत आलो."

ते खुंटीकडे बघत होते. पट्ट्याकडे नाही, त्याच्या वर.

"म्हंजे दुखत नाय?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात दुखत नाही. हलकं वाटतं."

"हलकं वाटतं," त्यांनी आपल्याशीच म्हटलं. तुळजाबाई पदराने तोंड पुसत चहा घेऊन आल्या आणि दोघांच्या मध्ये ठेवून तिथेच बसल्या.

चहा तिने एका दमात संपवला. पाचाची मुदत संपायला पंचवीस मिनिटं होती.

"इथे रेंज कुठे मिळते?"

"वर टाकीपाशी," तुळजाबाई म्हणाल्या. "ती बी कवा असते कवा नाय."

ती चढण जवळजवळ धावतच चढली. टाकीच्या कठड्याला टेकून तिने कालचा मेल उघडला आणि खाली नवा लिहायला घेतला. स्वतःचं नाव खोडायला तिला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. निळ्या रोलर कोस्टरच्या पहिल्या गाडीतली सीट तिला खरोखरच हवी होती. मग तिने लिहिलं, 'श्री. भागोजी, मु. कुडपण, ता. पोलादपूर. कालचा शेरा माझ्या चुकीने गेला. आज स्थळपाहणी केली.' संख्येपाशी ती थांबली. मंडळाच्या वहीत एकोणीस होते.

तिने 'वीस' लिहिलं. पुरावा म्हणून त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो जोडला, तोच, रविवारी चोरून काढलेला. खाली आणखी एक ओळ टाकली: 'यांना मागच्या सीटवर बसवावे. विसाव्या फेरीची खात्री आपल्या रंगकामाच्या कंत्राटदाराकडे करावी.' अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणाला तपासायला सांगत होती.

मेल जाईना. गोल नुसता फिरत राहिला. खाली अंगणात भागोजी बूट घालून उभे होते. हातात हंडा घेऊन ते ओसरीची पायरी चढले, उतरले, परत चढले. दर वेळी आधी पायाखाली बघून.

प्रियदर्शिनीने मोबाईल धरलेला हात सरळ डोक्यावर नेला, आणि मग दुसराही. माथ्यावरून गाडी सुटताना ती नेहमी करायची तसंच. पाचाला सात मिनिटं असताना मेल गेला.