अकरा नंबरच्या पाठीवरचे नाव

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर मुरवलेल्या काकड्यांच्या सहा बरण्या आहेत आणि माझ्या चाकाला कोणीतरी ओला मफलर अडकवला आहे. त्यामुळे तुम्ही मला ओळखले नसेल, तर दोष तुमचा नाही. मी एक जुने शिवणयंत्र आहे. घरात उशांचे अभ्रे शिवणारे नव्हे. जाड कापडावर जाड कापड बसवून कडेने दाट नागमोडी टाका घालणारे. सत्तावीस वर्षे मी अमेरिकेतल्या बफलो शहराच्या पायलट्स या बास्केटबॉल संघाच्या शर्टांवर खेळाडूंची नावे शिवली.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. माझे लोखंड ओतले, घासले, त्यावर काळा रंग चढवला आणि सोनेरी रेघ ओढली. पहिली काही वर्षे मी होड्यांची शिडे शिवली. मग तो कारखाना बंद पडला आणि एका ट्रकमधून मी बफलोला आले. खेळाच्या मोठ्या सभागृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी, मला एक टेबल मिळाले. त्याच आठवड्यात वांडा ग्राबोव्स्की तिथे कामाला लागल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, तेलाची कुपी काढली आणि म्हणाल्या, "तू माझी काळजी घे, मी तुझी घेते." दोघींनीही शब्द पाळला.

नाव शिवायला आम्हाला पाऊण तास लागे आणि उसवायला दहा मिनिटे. हे मी फार लवकर शिकले. त्या खेळात खेळाडूंची अदलाबदल होते. एक संघ आपला माणूस देतो आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याचे दोन घेतो. माणसाला कळायच्या आत त्याचे शहर बदलते. वांडाबाई नाव उसवताना कधी घाई करत नसत. कापडाला भोक पडू नये, असे त्या म्हणत. मला मात्र वाटे, त्या निरोप देत असाव्यात.

एकच नाव आम्ही नऊ वर्षे उसवले नाही. कॉर्बिन टॉलिव्हर, नंबर अकरा. तो आला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि दारातून वाकून आत येताना दोनदा कपाळ आपटून घेत असे. पुढे तो मोठा झाला. वीस हजार माणसे त्याच्या नावाने ओरडू लागली आणि ते ओरडणे छतातून झिरपून माझ्या टेबलापर्यंत येई. शहरातल्या पोरांच्या पाठीवर त्याचे नाव दिसू लागले. त्यातले पहिले नाव माझ्या सुईखालून गेले होते, याचा मला अभिमान होता.

त्याची मुलगी नेल सात वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. शहरात अशा मुलांची एक चांगली शाळा होती आणि दोन वर्षांपूर्वी तिथे गेल्यापासून ती हातांनी भराभरा बोलू लागली होती. सामन्याआधी ती आमच्या खोलीत येई आणि माझ्या टेबलावर तळवा टेकवून उभी राही. मी धावू लागले की तिच्या हातापासून खांद्यापर्यंत थरथर जाई आणि ती डोळे मिटून हसे. माझा आवाज असा हाताने ऐकणारे दुसरे कोणी मला आयुष्यात भेटले नाही.

आता त्या गुरुवारची गोष्ट सांगते. फेब्रुवारी महिना होता. दर वर्षी त्या महिन्यात एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत अदलाबदल करता येते, नंतर त्या मोसमात नाही. बाहेर सरोवरावरून बर्फाचे वादळ आले होते. सव्वानऊ वाजता संघाचे व्यवस्थापक हॅलोरन स्वतः आमच्या खोलीत उतरले. इतक्या वर्षांत ते खाली आले नव्हते. त्यांच्या कानाला फोन होता आणि ते बोलतच आत आले.

"एप्रिलमध्ये तिशी लागतेय त्याला," ते फोनवर म्हणत होते. "आज त्याच्या बदल्यात दोन तयार पोरं मिळतायत. पुढच्या वर्षी चहालासुद्धा कोणी विचारणार नाही. नाही हो, तो सही करणार नाही. त्याचा एजंट करूच देणार नाही. बारा वाजू देत, मग आपण मोकळे."

शिवणाऱ्या बाईपुढे आणि यंत्रापुढे मोठी माणसे अशी मोकळी बोलतात. त्यांना वाटते, तिथे कोणी नाहीच.

फोन ठेवून त्यांनी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मिसेस ग्राबोव्स्की, एक शर्ट हवाय. पावणेचारला फोटो आहेत. दार लावून घ्या आणि याबद्दल कुणाशी एक शब्द बोलू नका."

"नाही बोलणार," वांडाबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी चिठ्ठी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. चिठ्ठीवर लिहिले होते: वेस्टरबर्ग, अकरा.

मित्रांनो, एका संघात एका नंबरचे दोन खेळाडू नसतात.

वांडाबाईंनी दहा इंग्रजी अक्षरे कापली, टाचण्यांनी शर्टावर बसवली आणि शर्ट माझ्या सुईखाली घेतला. पहिले अक्षर होते न होते तोच दार वाजले. त्यांनी झटकन माझ्यावर झाकणाचे कापड टाकले. दारात टॉलिव्हर होता. त्याच्या हातात सरावाची अर्धी पँट होती, शिवण उसवलेली.

"मिस वांडा, एवढी घालून द्या ना. साडेअकराला सराव संपला की घेऊन जातो."

"बस खाली. डोक्यावर उभा राहू नकोस, मान दुखते माझी."

तो उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसला. त्याने नेहमीप्रमाणे वांडाबाईंच्या डब्यातली कांद्यावर परतलेली एक पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेली पोलिश करंजी, उचलली, पण खाल्ली नाही. हातातच धरून राहिला.

"गेल्या आठवड्यात त्यांनी कॅमेऱ्यांसमोर करारवाढीचा कागद दिला, बघितलंत ना तुम्ही?" तो म्हणाला. "अजून चार वर्षं. संघाची सही झालेली आहे. मी आज बाराच्या आत केली तर केली, नाहीतर कागद रद्द."

"मग अडलंय कुठं?"

"माझा एजंट म्हणतो, हात लावू नकोस. उन्हाळ्यात याच्या दीडपट मिळवून देतो. वर सही केली की सहा महिने मला कोणी दुसरीकडे पाठवू शकत नाही, तसा नियमच आहे. तो म्हणतो, त्यात आपलेही हात बांधले जातात." तो थोडा हसला. "मला तर हात बांधून घ्यायला आवडेल. नेलची शाळा इथे आहे. पण हॅलोरन म्हणाले, घाई नको, तू आमच्या घरचाच आहेस. मग वाटतं, थांबावं उन्हाळ्यापर्यंत. तुम्ही काय केलं असतं?"

माझ्या पोटात, झाकणाखाली, तो शर्ट होता. वांडाबाईंचा हात त्या कापडावर होता.

"मी शिवणारी बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "माझं काय विचारतोस."

"तुम्ही इथं माझ्याआधीपासून आहात."

"सरावाला जा. उशीर झाला तर दंड लावतील."

तो गेला. दार लागले. वांडाबाईंनी झाकण काढले आणि मला सुरू केले. दुसऱ्या अक्षरावर धागा तुटला. त्यांनी ओवला. तिसऱ्यावर पुन्हा तुटला. धागा चांगला होता, ताणही बरोबर होता. पायडलवरचा पाय एकसारखा पडत नव्हता.

त्यांची अवस्था मला ठाऊक होती. पूर्ण पेन्शनला त्यांचे चौदा महिने उरले होते. नवरा स्टीलच्या कारखान्यात काम करून फुप्फुसे घालवून बसला होता. दिलेला शब्द मोडणे त्यांना जमत नव्हते आणि त्या पोराला अंधारात ठेवणेही जमत नव्हते. मधेच त्या उठल्या आणि जिन्यापर्यंत गेल्या. पुन्हा येऊन बसल्या. "त्याला विचारलं असतं तरी चाललं असतं," त्या माझ्याशीच बोलल्या. "नुसतं विचारायचं. कुठं जातोस, जाशील का." भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली. सहा अक्षरे झाली होती, चार टाचणीवर होती आणि धागा पुन्हा तुटला होता. त्यांनी काम थांबवले आणि आधी टॉलिव्हरच्या पँटची शिवण हाताने घातली.

अकरा पस्तीसला तो आला. केसांतून घाम गळत होता. "झाली?"

"झाली." वांडाबाईंनी पँट त्याच्या हातात दिली नाही. मांडीवरच ठेवली. "टॉली, माझं एक काम कर. धागा तुटलाय. या माझ्या यंत्राची सुई ओवून दे जरा."

"मला कुठं येतं?"

"खाली वाक. डोळ्यासमोर धर आणि ओव."

तो वाकला. त्याचे तोंड माझ्या सुईपासून वीतभर अंतरावर आले. त्याने धाग्याचे टोक ओले केले, सुईच्या डोळ्याशी नेले आणि मग त्याची नजर सुईखाली गेली. तिथे अकरा आकडा होता. आकड्याच्या वर दुसऱ्याचे नाव अर्धे शिवलेले होते.

धागा दोनदा सुईच्या बाजूने निसटला. तिसऱ्यांदा त्याने ओवलाच. मग तो सरळ उभा राहिला.

"किती वाजता?" त्याने विचारले.

"फोटो पावणेचारला आहेत. मी कुणाशी बोलणार नाही असं कबूल केलंय, तेव्हा मला आणखी विचारू नकोस."

त्याने घड्याळाकडे पाहिले. अकरा चाळीस. त्याचा फोन खिशात वाजू लागला. त्याने नाव बघितले, म्हणाला, "एजंट," आणि फोन बंद केला. पँट तिथेच राहिली. तो जिन्याकडे धावला.

पुढचे आम्हाला दिसले नाही. ते संघाच्या सामानाची कोठी सांभाळणाऱ्या स्टॅनने नंतर येऊन सांगितले. टॉलिव्हर लिफ्टला थांबलाच नाही. पाच मजले जिन्याने चढला. सरावाच्या बुटांनिशी व्यवस्थापकांच्या कचेरीत शिरला आणि बाहेरच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "माझा कागद द्या." बाईंनी आतल्या दाराकडे पाहिले. आत हॅलोरन फोनवर त्याचाच सौदा करत होते. त्यांना विचारते, असे बाई म्हणाल्या. तो म्हणाला, "कागदावर माझं नाव आहे, बारा वाजायचे आहेत, विचारायचं काय आहे?" त्या बाईंनी कागद दिला. त्याने सही केली, वर वेळ घातली आणि त्यांनाही वेळेखाली सही करायला लावली. अकरा बावन्न.

खाली आम्हाला हे कळेपर्यंत एक वाजला होता. तोवर वांडाबाईंनी वेस्टरबर्गचे नाव पूर्ण केले होते. सांगितलेले काम त्या अर्धवट टाकत नसत. त्यांनी शर्टाला इस्त्री केली, खुंटीला अडकवला आणि डबा उघडून न जेवता तसाच बंद केला.

तीन वाजून गेल्यावर हॅलोरन आले. या वेळी फोन खिशात होता.

"शर्ट झाला?"

"झाला."

"आता नकोय तो." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "त्याला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीच नाही. मी त्याच्याकडून सुई ओवून घेतली. शर्ट यंत्रावर होता."

"डोळे गेलेत का तुमचे?"

वांडाबाई खोटे बोलू शकल्या असत्या. सत्तरीला टेकलेल्या बाईचे डोळे गेले, यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

"सुई ओवण्यापुरते चांगले आहेत अजून," त्या म्हणाल्या.

हॅलोरननी खुंटीवरच्या शर्टाकडे बोट दाखवले. "मिसेस ग्राबोव्स्की, तुम्हाला कल्पना आहे का मी काय मिळवत होतो? पाच वर्षांचा संघ उभा राहत होता."

"असेल. तुमचं तुम्हाला कळतं. पण तो कागद तुम्ही त्याला जगासमोर दिलात. द्यायचा नव्हता तर दाखवायचा नव्हता."

"सोमवारपासून येऊ नका."

त्या आल्या नाहीत. जाताना त्यांनी मला तेल घातले, सुई काढून कागदात गुंडाळली आणि झाकण नीट चारी बाजूंनी ओढले. सोमवारी टॉलिव्हर आपली पँट न्यायला आला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. स्टॅनकडून सगळे ऐकून तो वर भांडायला गेला. त्याला उत्तर मिळाले, "करारात तुझं नाव आहे, शिंपिणीचं नाही."

महिन्याभरात तिथे नवे यंत्र आले. ते शिवत नाही, नावे तापवून चिकटवते. माझी रवानगी जिन्याखाली झाली आणि तिथून, सभागृहातले जुने सामान काढले तेव्हा, स्टॅनच्या घरच्या तळघरात. स्टॅन वाईट माणूस नाही. त्याने मला भंगारात जाऊ दिले नाही. पण त्याच्या तळघरात ओल आहे. माझ्या सोनेरी रेघेवर पापुद्रे आले, धाग्याची फिरकी गंजून जागीच अडकली. सत्तावीस वर्षे ज्यांची नावे मी शिवली, त्यांतल्या कोणाचा पाय त्या पायऱ्यांवर वाजला नाही.

सप्टेंबरमध्ये एकदा वाजला, तो वांडाबाईंचा. त्या आता एका दुकानात लग्नाच्या झग्यांना टाके घालतात. पेन्शन कापूनच मिळाली. त्या बरण्या उतरवून माझ्यापाशी बसल्या आणि चाक फिरवायला लागल्या. चाक हलेना. स्टॅन पायरीवर बसून काकडी खात होता.

"टॉलिव्हर गेला शेवटी," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये सहा महिने भरले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला पाठवला. गंमत बघ, त्याने कमी पैशांवर सही केल्यामुळे तो आणखीच हवाहवासा झाला. चार संघ मागे लागले होते."

"ठाऊक आहे. घरी येऊन गेला तो, बायको-पोरीला घेऊन." वांडाबाईंनी चाकाला तेल सोडले. "सहा महिन्यांत त्या दोघांनी सगळ्या शाळा पालथ्या घातल्या. मग तो हॅलोरनला म्हणाला, पाठवायचंच असेल तर या दोन शहरांत पाठवा, तिथं पोरीची सोय आहे. तिसरीकडे पाठवलंत तर मी पहिल्याच दिवशी सांगेन की मनाविरुद्ध आलोय. रुसलेल्या खेळाडूला कोण भाव देतो? ऐकावं लागलं. पश्चिमेला, समुद्राकाठी गेलेत. पोरगी शाळेत रमलीय म्हणे."

"म्हणजे जायचं ते गेलाच."

"गेला. पण त्याला विचारावं लागलं."

स्टॅनने काकडी संपवली, हात पँटला पुसले. "वांडा, खरं सांग. सहा महिन्यांसाठी तू नोकरी घालवलीस. पस्तावतेस?"

त्यांनी चाकात आणखी दोन थेंब सोडले. तेल आत झिरपत होते. "पहिल्या तारखेला पस्तावते," त्या म्हणाल्या. "तो चेक बघितला की. बाकीचे दिवस बरी असते."

मग त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला आणि माझे चाक अर्धा फेरा फिरले. पुन्हा येते, तेल मुरू दे, असे म्हणून त्या गेल्या. अजून आलेल्या नाहीत. नवऱ्याची तब्येत बरी नसते, असे स्टॅन फोनवर कोणाला तरी सांगत होता. बरण्या पुन्हा डोक्यावर आल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात पडले असेल तर त्याच्यावर ओले कपडे वाळत घालू नका. महिन्यातून एकदा झाकण उघडा, दोन थेंब तेल सोडा, चाक फिरवून पाहा. यंत्राला एवढे पुरते. माणसाला इतक्याने भागत नाही. उद्या तुमच्या हाती कोणाची बदली, कोणाचे घर, कोणाची शाळा ठरवायचे काम आले, तर ज्याचे आहे त्याला ते पुरे व्हायच्या आधी दाखवा. त्याला वाकून पाहू द्या. त्यात तुमचा तोटा झाला तरी होऊ द्या.