खिळ्यावरच्या पिशव्या

वडील गेल्यावर आईने आम्हा दोघा भावंडांकडे एकच गोष्ट मागितली. "मला माझ्या घरात राहू द्या. बाकी तुम्ही म्हणाल तसं." दादाला ते पटलं नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, तिसऱ्या मजल्यावर एकटी, तीन वेळच्या गोळ्या, एक गुडघा बदललेला. शेवटी त्याने अट घातली. "ठीक आहे. पण एकदा जरी काही झालं, तर त्याच दिवशी सामान बांधायचं. मग रडारड चालणार नाही." आईने मान डोलावली. त्या दिवशी आईच्या बाजूने दादाशी भांडले ती मीच, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं तेही मीच केलं.

मी आमच्या शहराच्या कचरा विभागात काम करते. प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका, असं लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो. शाळांत, बाजारात, इमारतींच्या दारात उभी राहून मी हे इतकी वर्षं सांगते आहे की ऑफिसात मला पिशवीबाई म्हणतात. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

आणि या पिशवीबाईच्या आईचं स्वयंपाकघर म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं माहेर. आलेली पिशवी आई धुवायची, उलटी करायची, खिडकीतल्या दोरीवर चिमट्याने वाळत घालायची. मग मांडीवर घेऊन हाताने सपाट करायची. ओट्याशेजारच्या भिंतीवर पाच खिळे होते आणि त्यांवर पाच पिशव्या: सकाळच्या गोळ्या, जेवणाआधीच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, विजेची-पाण्याची बिलं आणि सुईदोरा. सहावी किल्ल्यांची; ती बेकरीची पिशवी बाहेरच्या दारामागे छत्रीखाली लटकायची. सकाळच्या गोळ्या चपलांच्या दुकानाच्या जाड निळ्या पिशवीत असत. ती माझ्या लग्नाआधीची. तिच्यावरचं चपलेचं चित्र पुसून पुसून नुसती टाच उरली होती.

"आई, हे प्लॅस्टिक आहे," मी दर रविवारी सुरू व्हायचे.

"मग मी कुठं म्हटलं रेशीम आहे म्हणून?"

"जुन्या झाल्या की त्यांचे कण सुटतात. गोळ्यांना लागतात. पोटात जातात."

"इतकी वर्षं पोटात गेले, ते कण कुठं काय बोलले?"

"चेष्टा नकोय. आपण सगळे असेच वागलो तर या पृथ्वीचं काय होईल?"

"हे बघ, पृथ्वीवर मी एक पिशवी टाकलेली नाही. टाकली की ती कुठं जाते ते तुझं तुलाच माहीत. माझ्याकडे आहे तोवर ती कुठं जात नाही."

आईचाच मुद्दा मी दुसरीकडेही ऐकला होता. एकदा एका बैठकीत एक संशोधक म्हणाला होता की, कापडी पिशवी करायला इतकं पाणी आणि इतकी वीज लागते की ती शेकडो वेळा वापरली तरच तिचा काही उपयोग. आणि घरात असलेली प्लॅस्टिकची पिशवी फाटेपर्यंत वापरणारा माणूस फारसा चुकत नाही. मी चहाच्या सुट्टीत त्याला धारेवर धरलं. त्या वेळी माझ्या कपाटात वेगवेगळ्या बैठकांतून मिळालेल्या चाळीसेक कापडी पिशव्या होत्या, बऱ्याचशा घडीही न मोडलेल्या. उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जुनाच आजार आहे.

मग आमची नवी मोहीम आली. सायीच्या रंगाच्या कापडी पिशव्या, त्यांवर हिरवं पान. प्रत्येकाने आपल्या घराचा 'आधी' आणि 'नंतर' असा फोटो द्यायचा होता. माझ्या घरात 'आधी' म्हणून दाखवावं असं काही नव्हतं. आईकडे होतं.

रविवारी सकाळीच जाऊन मी खिळ्यांचा फोटो काढला आणि कामाला लागले. पिशव्या रिकाम्या केल्या, दोरीवरच्या काढल्या, ओट्याखालचा पिशव्यांचा गठ्ठा ओढून बाहेर काढला. आई खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली होती.

"असू दे ना गं त्या," ती म्हणाली. "निदान गोळ्यांच्या तरी."

"हट्ट नको करूस आई. या बघ किती छान आहेत. आणि सगळ्या एकसारख्या."

"एकसारख्या?"

"अगदी."

"बरं," आई म्हणाली.

तासभर हुज्जत घातल्याशिवाय जिने कधी माझं ऐकलं नाही, ती एका शब्दात गप्प झाली, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला वाटलं, मी जिंकले. पाच खिळ्यांवर पाच पिशव्या, पाच हिरवी पानं. दुसरा फोटो काढला. जुन्या पिशव्या कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत कोंबून निघाले, आणि जिन्यात लक्षात आलं की हीसुद्धा प्लॅस्टिकचीच. हसू आलं. कचरा वेगळा करायच्या केंद्रावर मला ओळखणारी एक कामगार बाई आहे. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. "बाई, तुम्हीच तर आम्हाला शिकवता. या पातळ पिशव्या पुढं कोण घेतं? जातील डेपोच्या ढिगात." मला हे माहीत होतं. तरी मी ती पिशवी तिथे ठेवून आले.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा आई घरात नव्हती. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आईच्या खाली एक नर्स राहते, तिच्याकडे रक्तदाब मोजायला गेली होती. बघते तर माझ्या कोऱ्या पिशव्यांच्या बंदांना गाठी. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, अशा घट्ट की बंदांची दोरखंडं झालेली. म्हातारपणी हाताला चाळा लागतो, मला वाटलं. दातांनी ओढून ओढून मी सगळ्या गाठी सोडवल्या. मग म्हटलं, कापड धुता येतं हे आईला दाखवू या. पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, इस्त्री केली आणि पानं पुढे येतील अशा ओळीने टांगल्या. गोळ्या परत भरताना कुठल्या कशात होत्या ते आठवत नव्हतं. पाकिटांवर नावं छापलेली असतातच, वाचून घेईल, असं म्हणून मी त्या भरून टाकल्या.

आई वर आली, भिंतीपाशी गेली आणि एकेका पिशवीच्या बंदावरून बोटं फिरवत गेली.

"धुतल्यास?"

"धुतल्या. इस्त्रीही केली."

"गाठी होत्या ना गं त्यांना."

"होत्या ना! किती घट्ट मारतेस? दात दुखले माझे."

आईने हातातला बंद सोडून दिला. मग म्हणाली, "बरं."

मंगळवारी दुपारी नर्सच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी ठिबकायला लागलं. ती वर धावली. तिच्याकडे जादा किल्ली होती म्हणून निभावलं. नळ उघडा, मोरी तुंबलेली आणि आई ओल्या फरशीवर पडलेली. जेवणाआधीची साखरेची गोळी तिने सकाळची म्हणूनही घेतली होती, आणि जेवणाआधीची म्हणूनही, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरली होती. नर्सने तिच्या ओठांना साखर चोळली आणि मला फोन केला. मी ऑफिसातून निघाले ती पायात कुठल्या चपला आहेत हेही न बघता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईपुढे दोन बोटं धरली. तिने चार सांगितली, मग एक. मग मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिलं आणि दोन म्हणाली. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं होतं. आज-काल नाही, दीड वर्षापूर्वीच.

दादा औषधं आणायला गेला तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसले.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दादाने सामान बांधलं असतं."

"मला तरी सांगायचं."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, बाळा. राग आला की तू सगळं बोलून मोकळी होतेस."

हे अगदी खरं होतं. "मग दीड वर्ष कसं निभावलंस?"

"पिशव्या होत्या ना," आई म्हणाली. "चपलांची पिशवी जाड, तिला हात लावला की ती खर्जात कुरकुरायची. ती सकाळची. औषधवाल्याची चुरचुर वाजायची, ती जेवणाआधीची. बुटक्या पातळ पिशवीचा आवाज पाचोळ्यासारखा, ती रात्रीची. कधी चूक झाली नाही. तुझ्या पिशव्या गुणी आहेत, पण मुक्या आहेत गं सगळ्या. म्हणून मग गाठी मारल्या. एक सकाळची, दोन जेवणाआधीच्या, तीन रात्रीच्या."

गाठी कुणी सोडवल्या, हे तिने ना तेव्हा काढलं, ना नंतर कधी. ती माझ्यावर ओरडली असती, चार लोकांत माझी शोभा केली असती, तर मला बरं वाटलं असतं.

दादाला मी सगळं सांगितलं. दोष तिचा नाही, माझा आहे, तिला परत जाऊ दे, मी रोज जाऊन गोळ्या काढून देत जाईन, हेही सांगितलं. दादा दुष्ट नाही. व्हरांड्यातल्या बाकावर तो लहान मुलासारखा रडत होता. नाक पुसून म्हणाला, "पण तिला दिसत नाही, हे खरं की नाही? आज साखरेची गोळी झाली, उद्या गॅस राहील." ज्या बाईसाठी मी त्याच्याशी तासन्‌तास भांडले होते, तिच्यासाठी मला एक वाक्य सापडेना.

आई माझ्याकडे आली. मागची खोली, स्वच्छ, हवेशीर, सगळं हाताशी. ती कुरकुर करत नाही. पहिल्याच दिवशी एवढं म्हणाली, "घर इतक्यात सोडू नका हं. मी बरी झाले की बघू."

"बघू," आम्ही दोघंही म्हणालो.

घर भाड्याचं होतं. दादाने घरमालकाला महिनाअखेर सोडतो म्हणून सांगूनही टाकलं होतं. आईला सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि रोज मी ते उद्यावर ढकलत होते.

त्याऐवजी मी पिशव्या गोळा करायला लागले. चपलांच्या दुकानात गेले, औषधवाल्याकडे गेले, "प्लॅस्टिकचीच द्या," म्हणाले. औषधवाल्याने माझं भाषण ऐकलेलं होतं, तो माझ्याकडे बघतच राहिला. घरी येऊन मी त्या आईच्या मांडीवर ठेवल्या. तिने एकेक चोळून पाहिली.

"नव्या आहेत ना?"

"हो."

"नव्या सगळ्या सारख्याच वाजतात गं. वापरून वापरून पिशवीला तिचा तिचा आवाज येतो. तुला कशाला त्रास? तू देतेस ना गोळ्या हातावर."

त्याच आठवड्यात ऑफिसच्या दारात मोहिमेचे फोटो लागले. आईच्या भिंतीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. 'आधी'च्या फोटोत निळ्या पिशवीवरची टाच स्पष्ट दिसत होती. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तो फोटो काढून घ्या असं सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता मी मागच्या दाराने येते-जाते.

महिनाअखेरीला दादा आणि मी घर रिकामं केलं. भांडी, गाद्या, वडिलांचं टेबल. शेवटी पाच खिळे उरले, ते दादाने पकडीने उपटले. निघताना दारामागची छत्री काढली तर खाली बेकरीची पिशवी. त्या रविवारी माझ्या नजरेतून सुटलेली तेवढी एकच. आत घराची किल्ली, कपाटाची, टपालपेटीची, आणि कशाच्या कुणास ठाऊक अशा तीन गंजलेल्या. घरमालक जिन्यातच उभा होता. मी सगळ्या किल्ल्या त्याच्या हातावर ओतल्या आणि रिकामी पिशवी पर्समध्ये ठेवली.

आईला कसं सांगायचं हे रस्ताभर ठरवत आले. आधी चहा द्यायचा. मग तिथल्या जिन्याबद्दल, मोडक्या कठड्याबद्दल बोलायचं. मग हळूच मुद्द्यावर यायचं. चांगली पाच-सहा वाक्यं जुळवली होती. लोकांच्या गळी गोष्टी उतरवायचं तर मला वळणच आहे.

मागच्या खोलीच्या दारात मी पर्स खांद्यावरून उतरवली. चष्मा काढायला हात घातला आणि आत पिशवी वाजली.

आईने मान वर केली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता.

"किल्ल्यांची पिशवी ना ती?" तिने हात पुढे केला. "दारामागची! राहिली होय गं? दे, दे इकडे."

मी पिशवी बाहेर काढली. ती पुन्हा वाजली. आईचा पुढे आलेला हात तसाच थांबला.

"रिकामी वाजतेय," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले आणि पिशवी तिच्या हातात दिली. आईने ती मांडीवर ठेवली, तळहाताने चारही कोपऱ्यांतून सपाट केली, दुमडली, पुन्हा दुमडली.

"बरं," ती म्हणाली.