वाळूत गेलेले आकडे

“वाढली! आणखी बोटभर वाढली!”

सुन्यानी शहरात, प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या प्रेषित ओपारेच्या अंगणात ढोल कडाडले. वाळूत रोवलेल्या, आकडे कोरलेल्या खांबाला पाठ लावून दुफी उभी होती. सोळा वर्षांची पोर, दिसायला आठची. “वरच्याने खेचली, मी नुसतं बोट लावलं!” ओपारे गरजला. बाजारात मासे विकणारी तिची आई अब्राफी डोळे पुसत नाचली. चार वर्षं ती अशीच नाचत आली होती.

त्याच आठवड्यात शाळेतल्या तपासणीत नर्सने दुफीला मोजलं आणि मायलेकींना थेट डॉक्टर अटिंगांकडे धाडलं.

“एकशे पंचवीस सेंटिमीटर,” डॉक्टर म्हणाले.

“तुमची पट्टीच खोटी!” अब्राफी उसळली. “प्रेषितांकडे एकशे एकेचाळीस भरली.”

“आई, तो खांब ते दर वेळी थोडा खाली ठोकतात,” दुफी हळूच म्हणाली. “पायथ्याच्या पांढऱ्या कापडाखाली सोळा आकडे वाळूत गेलेत.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू इतकी खूश असायचीस.”

“तपासणी कधी करायची?” अब्राफीने डॉक्टरांना विचारलं.

रक्ताच्या तपासणीला दुफी दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आली. “वाढीचं संप्रेरक मेंदूखालची ग्रंथी मधूनमधून सोडते,” डॉक्टरांनी समजावलं. “एकदाच रक्त काढून काही कळत नाही. म्हणून औषधाने ग्रंथीला डिवचायचं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं.”

ग्रंथीने जवळपास काहीच सोडलं नाही. मनगटाच्या एक्स-रेत हाडांची टोकं जुळत आलेली दिसली, म्हणजे वाढ संपत आली होती.

“इंजेक्शनं सुरू करू. मोठेपणीही हाडांना, स्नायूंना हे संप्रेरक लागतंच. उंची मात्र फार तर दोन बोटं वाढेल.”

“बाराव्या वर्षी आणली असती तर?”

“पुष्कळ वाढली असती.”

रविवारी ओपारेच्या अंगणात अब्राफीने भर गर्दीत खांबाला मिठी घातली, हिसडे देऊन तो उपसला आणि आडवा टाकला. “मोजा! माझ्या पोरीची चार वर्षं मोजा!”

“हिच्या अविश्वासाने जमीन खचली!” ओपारे ओरडला, आणि लोक तिच्याच अंगावर धावून गेले. फाटक्या कपड्यांनिशी ती फाटकाबाहेर पडली. मागोमाग एक बाई आली, कडेवर खुजी लेक. “ते डॉक्टर कुठे बसतात गं?” तिने विचारलं.

एवढ्या गर्दीतून ती एकटीच आली. मूल वाढत नसेल तर साध्या पट्टीने मोजा, दवाखान्यात न्या, रक्त तपासा. आणि आजच न्या; मुलांची हाडं कुणासाठी थांबत नाहीत.