खिडकीकडे पाठ

पुराला दीड महिना होऊन गेला होता आणि गाव आता ताईच्या आवाजावर चाललं होतं. पाण्याचा टँकर कुठे, औषधं कुठे, कुणाचं शिवणयंत्र चिखलात सापडलं, सगळं ती रोज सकाळी गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून सांगे. भिजलेले रेडिओ तिचा मामा फुकट दुरुस्त करून देई, आणि कुणाचा तयार झाला तेही तीच जाहीर करी.

त्या दिवशी ती दुकानात शिरली, तर मामाने खालच्या आळीतले पाच रेडिओ ओळीने मांडले होते.

"बघा भाचीबाई! काटे गंजून गच्च बसलेत, पण पाचही तुझ्याच केंद्रावर. याला म्हणतात निष्ठा!" मामाच्या जिभेला हाड नव्हतंच.

ताईने एकेक काटा वाकून पाहिला. पुराच्या संध्याकाळी तहसील कचेरीतून केंद्रावर चिठ्ठी आली होती: पाणी ओसरतंय, घरीच थांबा. तिने ती अगदी साखर घोळलेल्या आवाजात तीनदा वाचली. तिच्या खुर्चीमागच्या खिडकीतून नदी दिसते. मान वळवायला असा किती वेळ लागतो? तिने वळवली नाही. रात्रीत खालची आळी पाण्याखाली गेली. लोकांनी कचेरीच्या नावाने बोटं मोडली. तिच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. पण तेव्हापासून माइक सुरू केला, की अंधारात रेडिओला कान लावून बसलेली ती माणसं तिला दिसत. फार भीती वाटे.

"मामा, हे न्यायला कोण येणार?"

मामाचा हात थांबला. "शिंपीणबाईची लेक आहे. बाकीच्यांचं कुणी उरलं नाही गं."

दुसऱ्या सकाळी टँकरच्या वेळा सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शिंपीणबाईंचा रेडिओ तयार आहे. त्या माझं ऐकून घरात थांबल्या. चिठ्ठी कचेरीची होती, पण खिडकी माझ्या मागेच होती. मी वळून पाहिलं नाही." मग तिने माइक बंद केला.

ती दुकानात पोचली, तेव्हा शिंपीणबाईची लेक रेडिओ पोटाशी धरून उभी होती. आता ही थोबाडीत देणार, असं ताईला वाटलं. दिली तर बरं, असंही वाटलं.

"आई निघाली होती," लेक म्हणाली. "गाठोडं बांधून. मीच फोनवर म्हटलं, ताई सांगतेय ना, मग थांब."

तिने रेडिओ मामाच्या टेबलावर ठेवला.

मग लेकीने विचारलं, "आज पाणी कुठवर आहे?"

ताई सांगायला गेली आणि थांबली. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन नदी पाहून आली. "पुलाच्या बरंच खाली."

"नक्की?"

ताई पुन्हा बघायला गेली.