बारीक दातांची करवत

परशरामच्या डोळ्यांवर दोन वर्षांपासून पातळ पडदा आला होता. सकाळी अंगणात उभं राहिलं की समोरची आळी त्याला धुक्यातून बघितल्यासारखी दिसे. घरांच्या कडा मऊ झालेल्या, माणसं तरंगत चाललेली. खरं सांगायचं तर हे दृश्य त्याला आवडायचंसुद्धा. पण वडगावात घरोघर माग, आणि ताण्याच्या उभ्या सुतातला तुटलेला धागा ज्याला सापडत नाही त्यानं मागावर बसून करायचं काय?

म्हणून माग त्याची लेक शालू चालवू लागली. नवरा वारल्यावर ती चिकोडीहून माहेरी आली होती. बापाच्या जागी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि महिन्याभरात बापापेक्षा घट्ट विणू लागली. परशरामच्या वाट्याला कांड्या भरायचं काम आलं. बोटाएवढ्या नळीवर सूत गुंडाळायचं, बाकी काही नाही. संध्याकाळी कांड्यांची टोपली समोर ठेवली की शालू म्हणायची, "झ्याक झाल्यात, आप्पा."

एका दुपारी तो परड्यातून न बोलता आत आला. चरख्याची घरघर ऐकू येत होती. शालू त्याच्याच कांड्या उलगडून पुन्हा भरत होती. तो आल्या पावली मागं फिरला आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला. आपलं काम या घरात कुणालाच नको आहे, आणि ते कुणी तोंडावर सांगणारही नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. शालूनं चार शब्द सुनावले असते तर त्यानं हसत ऐकून घेतले असते. लेकीनं केलेली कीव मात्र घशाखाली उतरेना.

त्याच पावसाळ्यात उचगावात त्याच्या मेव्हण्याच्या बांधावरची चिंच वादळात आडवी झाली. मेव्हण्यानं सरपण म्हणून एक जाड फांदी गाडीतून पाठवून दिली. परशरामनं तिच्यावर कुऱ्हाड पडू दिली नाही. फांदी गोठ्यात ओढून नेली, तिच्या सालीवर तळहात ठेवला आणि तासभर तसाच बसून राहिला. चाळीस वर्षं त्यानं ताण्यातून आडवं सूत नेणारा लाकडी धोटा फेकला होता. कुठला धोटा सुतातून सरळ जाणार आणि कुठला वाटेत तोंड फिरवणार, हे त्याला नुसतं हातात धरून कळे. धोटा घडवायला डोळे कमी आणि बोटं जास्त लागतात, असं त्याच्या मनानं घेतलं. दुपारी डोळा लागला की त्याला फांदीच्या आत धोटे निजलेले दिसत, अंगाला अंग लावून, गुळगुळीत, तांबूस. त्यांना उठवायचं तेवढं बाकी होतं.

उठवायला हत्यारं हवीत. एका बुधवारी तो चालत बेळगावच्या बाजारात गेला. लोखंडी सामानाचा दुकानदार आण्णाप्पा कन्नड-मराठीची खिचडी बोलायचा, पण गिऱ्हाइकाशी त्याचं कधी अडलं नव्हतं. काय कापायचं आहे, असं त्यानं विचारलं. परशराम तेव्हा अर्धा स्वप्नातच होता. फांदी म्हणायचं सोडून तो म्हणाला, "धोटे."

आण्णाप्पानं तीन करवती पुढ्यात मांडल्या. एक विलायती, पोलादी पात्याची, पुढं ढकलताना कापणारी. ती परशरामनं हवेत चालवून बघितली आणि लगेच खाली ठेवली. विणकराच्या हाताला जन्मभर छातीकडं ओढायची सवय. ढकलायचं म्हटलं की खांदाच बावचळतो. उरल्या दोन देशी, ओढताना कापणाऱ्या. एकीचे दात मांजराच्या दातांएवढे. त्यांच्यावरून अंगठा फिरवून परशरामनं नाक मुरडलं आणि हिनं काय घोंगडी विणायची, असं विचारलं. दुसरीचे दात इतके बारीक आणि दाट होते की अंगठ्याला मागावरची फणीच लागल्यासारखं वाटलं. फणी जेवढी दाट तेवढं कापड उंची, हे लहानपणापासून त्याच्या रक्तात भिनलेलं. त्यानं ती उचलली आणि दुकानदाराला दुसरा शब्द बोलू दिला नाही. जोडीला एक रंधा, दोन पटाश्या, भोकं पाडायचं गिरमिट आणि एक कानस. रंधा त्यानं गालाला लावून बघितला. शेजारचं गिऱ्हाईक हसलं, पण परशरामला त्याचं काय? परतीच्या वाटेवर भातशेतांवर ऊन सांडलं होतं, पिशवीत लोखंड किणकिणत होतं, आणि आपण लग्नाच्या वरातीतून चाललोय असं त्याला वाटत होतं.

आता पुढचा शहाणपणा ऐका. विणकराच्या घरात भरलेल्या कांड्या ओल्या फडक्यात ठेवतात. सूत ओलसर असलं की तुटत नाही. परशरामनं लाकडाचाही तोच लाड केला. फांदी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडलं. नवव्या दिवशी हत्यारांना हळद-कुंकू वाहून त्यानं फांदी लांबीत चिरायला घेतली. करवत चार बोटं आत गेली. मग ओला भुसा त्या बारीक दातांत पिठासारखा बसला, लाकडानं पातं आवळून धरलं, आणि करवत ना पुढं जाईना ना मागं येईना. त्यानं पाय रोवून ओढलं. मूठ निघून हातात आली आणि तो गव्हाणीत जाऊन पडला.

आवाज ऐकून शालू धावत आली. ती हसली नाही. "ऱ्हाऊ द्या, आप्पा. झालं तेवढं लई झालं," असं हळू म्हणाली. परशरामला त्या लाकडात तोंड लपवावंसं वाटलं.

त्यानं उचगावाहून भरमू सुताराला बोलावणं धाडलं. भरमू त्याच्याहून वयानं मोठा, जुना स्नेही. त्यानं लाकूड चाचपलं, पोतं हुंगलं आणि मांडी थोपटून हसला. "परशा, लाकडाला न्हाऊ घातलंस व्हय रं?"

हसून झाल्यावर त्यानं पाचर ठोकून करवत सोडवली. मग परशरामचा हात धरून त्याची बोटं लाकडाच्या रेषांवरून फिरवली. "ह्यो बघ ताणा. लाकडालाबी असतोय. ताण्याच्या संगं चिरायचं तर दात मोठं पायजेत, भुसा भाईर पडाय. अन् ताणा आडवा तोडायचा तर ही तुझी बारीक. करवत वाईट न्हाय रं. तू तिला भलत्या कामाला लावलीस."

परशराम त्या रेषांवरून बोट फिरवत राहिला. लाकडालाही ताणा असतो! चाळीस वर्षं आपण ज्याच्याशी बोललो तोच इथं झाडात उभा होता, पावसात भिजत, चिंचा धरत. त्याचे डोळे भरून आले.

तो पुन्हा बाजारात गेला आणि मांजराच्या दातांची करवत घेऊन आला. भरमूबरोबर त्यानं फळ्या पाडल्या. भरमूनं त्या सावलीत रचून ठेवायला सांगितल्या आणि शिमग्यापर्यंत हात लावलास तर बघ, असा दम दिला. परशरामनं वाट बघितली. रोज जाऊन तो फळ्यांवर बोट वाजवायचा. बद्द आवाज हळूहळू खणखणीत होत गेला.

शिमगा झाल्यावर त्यानं बारीक करवतीनं तुकडे तोडले. रंध्यानं अंग काढलं, पटाशीनं कांडीपुरतं पोट कोरलं, कानस फिरवून टोकं निमुळती केली. पंधरा दिवस गोठ्यात चिंचेच्या भुशाचा आंबूस वास भरून राहिला. धोटा तयार झाला तेव्हा तो मिटल्या डोळ्यांनी त्याला गोंजारत बसला. अगदी स्वप्नातल्यासारखाच झाला होता.

त्यानं तो शालूच्या हातात दिला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. आत माग सुरू झाला. धोटा चार वेळा इकडून तिकडं गेला, आणि माग थांबला. परशरामनं श्वास धरला. आता ती झ्याक म्हणणार, धोटा भिंतीतल्या देवळीत ठेवणार आणि उद्यापासून जुनाच वापरणार, हे त्याला दिसत होतं.

शालू खड्ड्यातून उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला आठ्या होत्या.

"आप्पा, ह्यो न्हाय चालायचा. डाव्या अंगाला जड हाय. अन् आतनं सूत धरतोय."

"कुठं धरतोय?"

तिनं त्याचं बोट धरून धोट्याच्या पोटात घातलं. "हितं."

केसाएवढं कुसळ होतं. तरण्या डोळ्यांनाही दिसलं नसतं, पण बोटाला लागलं. परशरामच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं आणि ते दुःख नव्हतं. दोन वर्षांत या घरात पहिल्यांदाच त्याचं काम चुकल्याचं कुणी तोंडावर सांगितलं होतं.

"दुसरा करतो," तो म्हणाला. "शनवारपत्तोर दीन."

"शनवार न्हाय. शुक्कीरवारी पायजे," शालू म्हणाली आणि मागावर जाऊन बसली.