बिनहाडाची गाणी

आजकालच्या गाण्यांना काही अर्थ उरलेला नाही, हे माझं मत आहे. ते बदलेल या आशेने कोणी ही गोष्ट वाचायला घेतली असेल, तर त्याने ती आत्ताच खाली ठेवावी.

माझी मैत्रीण शन सूयुन हिची नात निंगनिंग दिवसभर कानात पांढरी बोंडं घालून फिरते. एकदा तिने त्यातलं एक माझ्या कानात घातलं. आत एक मुलगा कोणालातरी पत्ता सांगत असावा तसा भरभर बोलत होता आणि मागे कोणीतरी दार ठोठावत होतं.

"अगं, त्या माणसाला आधी दार उघडा कोणीतरी," मी म्हटलं.

"तिएन आजी, तो ठेका आहे!"

"ठेका? मग गाणारा कुठे आहे?"

"तोच तर गातोय."

मी बोंड काढून तिच्या हातात दिलं. आमच्या वेळी गाणं ऐकलं की भाजी करपायची. हे ऐकून फार तर भाजी चिरून होईल.

आमची सूतगिरणी पाडून तिथे आता मॉल उभा राहिला आहे. कामगार वसाहत मात्र शिल्लक आहे आणि तिच्या टोकाला जुन्या क्लबाचा हॉलही आहे. तिथे आठवड्यातून दोनदा आम्हा निवृत्त बायकांचं गायनमंडळ जमतं. गुडघे, सुना आणि साखरेच्या गोळ्या यांच्याबद्दल बोलून झालं की आम्ही गातो. मंडळाचे प्रमुख लुओ साहेब. गिरणीत ते प्रचार विभागाचे साहेब होते. गिरणी गेली, विभाग गेला, साहेब राहिले. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, पण केस बुटाच्या पॉलिशसारखे काळेभोर. चष्म्याच्या डबीने हवेत ठेका धरतात आणि गाणं हळवं झालं की डबी छातीवर ठेवून डोळे मिटतात.

"ही खरी गाणी!" ते दर वेळी म्हणतात. "या गाण्यांना हाड होतं. आजची गाणी म्हणजे उकडून मऊ झालेल्या शेवया."

आम्ही माना डोलावतो. गाणी खरोखरच चांगली आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रापलीकडून चोरून आलेली, मऊ आवाजातली, प्रेमाची आणि विरहाची. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी उतरवत उतरवत आमच्यापर्यंत आली, तेव्हा गाणारी बाई गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटायचं. तरी आम्ही ऐकायचो. सूत कातायच्या रिंग खात्यात मशीनच्या घरघरीत ओठ हलवून म्हणायचो. ऐकू कोणालाच यायचं नाही, पण कोणती ओळ चाललीय ते शेजारणीच्या ओठांवरून कळायचं.

फक्त एक गोष्ट मंडळात कोणी बोलत नाही. याच गाण्यांच्या कॅसेटी लुओ साहेबांनी घरोघर फिरून, पोत्यात भरून जप्त केल्या होत्या.

ते त्र्याऐंशी साल होतं. नववर्षाच्या कार्यक्रमात, याच हॉलमध्ये, सूयुनने त्यातलं एक गाणं म्हटलं होतं. तोवर गायचं म्हणजे माइकपासून हातभर लांब उभं राहायचं, छाती पुढे काढायची आणि डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं ओरडायचं. सूयुनने माइक ओठांशी धरला, जवळच्याला गुपित सांगावं तसा. दुरुस्ती खात्यातली पोरं बाकांवर चढली. मी पहिल्या रांगेत होते. माझ्या मांडीवर सूर्यफुलाच्या बियांचा पुडा होता आणि एकही बी मी फोडली नाही, एवढं आठवतं.

त्याच वर्षी थंडी सुरू होताना वरून, पक्षाकडून, फर्मान आलं की मनं घाण करणाऱ्या गोष्टी शोधून काढा. आता सूतगिरणीत मनं घाण करणार काय? दिवसभर कापसाची धूळ नाकात, संध्याकाळी कोबी पोटात. पण लुओ साहेबांना शोधायचं होतंच, आणि नेमकं त्या महिन्यात आमच्या खात्यात सूत फार तुटत होतं. वाफ सोडणारं यंत्र बिघडलं होतं, म्हणून. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, हे काल लागलेली पोरगीही सांगेल. साहेबांनी ठरवलं की धागा गाण्यांमुळे तुटतो. मुली गुणगुणतात, मन भरकटतं, बोटं ढिली पडतात, धागा तुटतो. त्यांनी यावर एक टीका लिहिली, ठसक्यात, ओळीला ओळ जोडून, आणि पाळी सुटल्यावर आम्हाला क्लबात बसवून ती पाठ करायला लावली. जिची पाठ होईल तिने घरी जायचं. घरी तान्ही मुलं भुकेली रडत होती, अंगावरचं दूध ब्लाउजातून झिरपत होतं. इतक्या लवकर आम्ही आयुष्यात दुसरं काही पाठ केलं नसेल. शेवटच्या सभेत आम्ही खाली बसून ती म्हणत होतो आणि सूयुन स्टेजवर उभी होती.

त्यानंतर ती गायली नाही. फर्मान दोन-तीन महिन्यांत विरून गेलं, पुढच्या वर्षी तीच गाणी रेडिओवर लागली, सूयुन मात्र गप्प राहिली. आमच्या गायनमंडळातही ती येते, गरम पाण्याचा थर्मास सांभाळते, आम्ही बेसूर झालो की भुवई उडवते.

"गा की गं तू पण," कोणीतरी म्हणतं.

"माझ्या घशाला बरं नाही," ती म्हणते. गेली चाळीस वर्षं घशाला बरं नाही!

यंदा नवव्या महिन्यातल्या नवमीला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सणाला, हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरला. त्याच्या आधी आठवडाभर एका दुपारी सूयुन माझ्याकडे आली. हातात वाफाळलेल्या बनांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर चोरी केल्यासारखा भाव.

"निंगनिंगने एक गाणं केलंय," ती म्हणाली. "गिरणीवर. माझ्यावर म्हण हवं तर."

"ते दार ठोठावण्याचं?"

"तसंच. पण मध्ये चार ओळी आहेत, त्या गायच्या आहेत. नीट गायच्या. ती म्हणते, आजी, त्या तूच गा."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं." तिने बनांची पिशवी माझ्या हातात दिली. "तोंडातून निघून गेलं. आता रात्रंदिवस धडधडतंय. कार्यक्रम झाला की ती पोर दक्षिणेला जाणार गं, नोकरीला. हे राहिलं तर राहिलंच मग. आणि मी पुन्हा हो म्हणेन असं मला नाही वाटत."

कार्यक्रमात कोणाला घ्यायचं याची निवड लुओ साहेब करणार होते. दुसरं होतं कोण?

निवडीच्या दिवशी हॉल भरला होता. गायनमंडळातल्या आम्ही तीसेक जणी खुर्च्यांवर, साहेब समोर टेबलाशी, बाजूला चहाचा झाकणवाला मग. आधी एका जोडीने पंख्यांचा नाच केला, मग एका गृहस्थांनी तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढले. मग निंगनिंग आणि सूयुन स्टेजवर गेल्या. पाच पायऱ्यांना सूयुनला कठड्याचा आधार लागला.

निंगनिंगने छोटा स्पीकर लावला. दार ठोठावणं सुरू झालं. पोरगी भरभर बोलू लागली. भोंगा, पाळी, कापूस, आजीच्या बोटांवरचे वण. मला निम्मं कळलं नाही. कळलं त्यातलं निम्मं आवडलं नाही. मग ठेका थांबला आणि सूयुनने माइक ओठांशी नेला.

आवाज पहिला राहिलेला नव्हता. कडा झिजलेल्या कपासारखा झाला होता. पण सूर जिथे ठेवायचा तिथेच तिने ठेवला. माझ्या शेजारची हाओ, जी कोणाचंच गाणं चालू असताना गप्प बसत नाही, ती गप्प बसली.

पहिल्या दोन ओळी झाल्या आणि साहेबांनी चष्म्याची डबी टेबलावर आपटली.

"थांबा, थांबा. पोरी, बंद कर ते."

निंगनिंगने स्पीकर बंद केला. साहेब उठले. रागावलेले नव्हते. प्रेमाने सांगत होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

"बेटा, तुझ्या भल्यासाठी सांगतो. तुमच्या पिढीला खरं संगीत कोणी ऐकवलंच नाही, हा तुमचा दोष नाही. पण याला गाणं म्हणायचं? शब्द पाहावे, तर शब्दांना हाड नाही..."

पुढची ओळ माझ्या जिभेवर आली. जीभ माणसापेक्षा जास्त लक्षात ठेवते.

"...चाल पाहावी, तर चालीला पाय नाही," मी म्हटलं.

मी मोठ्याने म्हटलं हे मला नंतर कळलं. साहेब माझ्याकडे वळले आणि खूश झाले.

"बघा! तिएन ताईंनाही तेच वाटतं. गळ्यातून निघत नाही..."

"नाकातून निघते!" हाओ म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"कानात शिरते," मागच्या रांगेतून कोणीतरी.

"हाडात मुरते!" आता दहा-बारा जणी.

मग थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. काल काय खाल्लं ते आम्हाला आठवत नाही, घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, पण हे सगळं होतं तसंच आत होतं. तीस म्हाताऱ्या एका ठेक्यात म्हणू लागल्या, पाय आपटत:

"आज गुणगुणाल, उद्या पेंगाल,
परवा मशीन सोडून खिडकीत जाल!
बोट ढिलं, सूत तुटलं,
गिरणीचं सोनं मातीत मिसळलं!"

आणि लुओ साहेब? साहेबांचा चेहरा उजळला होता. सगळा हॉल आपल्या बाजूने आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी डबी उचलली आणि आम्हाला ठेका देऊ लागले.

निंगनिंग स्टेजवरून म्हणाली, "आजी, हे तर रॅप आहे!"

"गप्प," सूयुन म्हणाली. आम्हा बायकांत फक्त तीच ते म्हणत नव्हती. तिला पुढची ओळ माहीत होती.

आम्हालाही माहीत होती, पण तोंड एकदा चालू लागलं की चालीच्या मागे जातं. काही जणी थांबल्या. मी थांबले. बाकीच्यांच्या तोंडून मात्र ती निघालीच:

"असल्या सुराला माइक नको, असल्या गळ्याला मान नको,
शन सूयुन, शन सूयुन, स्टेजवरून खाली उतर!"

शेवटचे शब्द दोघी-तिघीच म्हणाल्या, आणि अगदी हळू. त्यांची डबी हवेतच राहिली. त्यांनी स्टेजकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा स्टेजकडे. माणसाला आपलाच जुना फोटो दाखवावा आणि त्याने विचारावं की हा कोण, तसा चेहरा झाला होता.

सूयुनच्या हातात माइक तसाच होता.

"साहेब," ती म्हणाली, "तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. म्हणालात आणि उतरले. आता गुडघ्यांचं खरं नाही. पाच पायऱ्या उतरायला मला वेळ लागतो. तोवर गाणं होऊन जाईल." मग नातीकडे वळून, "लाव गं."

पोरीने लावलं. सूयुन गायली, चारही ओळी. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिने तो शिवायचा प्रयत्न केला नाही, फाटलेलाच पुढे नेला.

लुओ साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ डबी उघडझाप करत राहिले. मग चहाचा मग घेऊन माझ्यापाशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, "ते मी लिहिलं होतं का हो?"

"तुम्हीच. पाठ झाल्याशिवाय घरी सोडत नव्हता."

"सगळं लिहिलं होतं? नावासकट?"

"नावासकट."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. माफी मागेल, निदान घसा तरी खाकरेल. त्यांनी मगाचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"ठेका मात्र धरलाय," ते म्हणाले. "नाही का? इतक्या वर्षांनी सगळ्यांना आठवतंय."

मी त्यांच्या मगातला चहा त्यांच्या डोक्यावर ओतला नाही, कारण केसांचा रंग माझ्या सदऱ्यावर उडाला असता.

स्टेजवरून निंगनिंगने विचारलं, "मग लुओ आजोबा, आम्ही आहोत का कार्यक्रमात?"

तीस जणी साहेबांकडे बघत होत्या. एवढ्या बायका एकदम बघू लागल्या की प्रचार विभागाचाही इलाज चालत नाही.

"जेवणाच्या आधी ठेवू," साहेब म्हणाले. "जेवणानंतर सगळे पेंगतात." आणि मग, स्टेजकडे न बघता, "शन ताई, माइक थोडा लांब धरा. श्वास फार ऐकू येतो."

"तो ऐकू यायलाच हवा," सूयुन म्हणाली. "निंगनिंग, पुन्हा लाव. दुसऱ्या ओळीला मी घाई केली."

पुन्हा दार ठोठावणं सुरू झालं. हाओ म्हणाली गाणं तसं वाईट नाही, मी म्हटलं वाईटच आहे, ती म्हणाली तुला काय कळतंय, मी म्हटलं तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. गाण्याला सुरुवात नाही, शेवट नाही, मध्ये चार ओळी बऱ्या, त्याही आमच्या वेळच्या चालीवर बेतलेल्या. आमच्या वेळी असं काही केलं असतं तर लोक उठून गेले असते.

मी उठले, खुर्ची उचलली आणि पहिल्या रांगेत नेऊन ठेवली. मागून सूयुनचा आवाज नीट येत नव्हता.